दोन्ही जांघांचा हर्निया आणि तीन कोटेशनं: रोबोट की साधी दुर्बीण?

पार्श्वभूमी

रुग्ण ५७ वर्षांचे गृहस्थ. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यावर बसणं कमी; रंगाचे डबे, खिळ्यांची पोती आणि सिमेंटच्या गोण्या सरकवणं जास्त. वजन ६८ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज. मधुमेह नाही. सकाळी मशेरी, दिवसभर अधूनमधून तंबाखू. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, पण हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं.

२०१३ मध्ये त्यांच्या उजव्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया उघड्या पद्धतीने झाली होती. कमरेत भूल, जांघेवर छेद आणि स्नायूंच्या वरच्या बाजूला शिवलेली जाळी, म्हणजे जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी लिक्टेनस्टाइन पद्धत. त्यानंतर अकरा वर्षं काही त्रास नव्हता. २०२४ च्या दिवाळीत दुकानात माल भरताना उजवीकडे जुन्या व्रणाच्या आतल्या टोकाशी पुन्हा फुगा दिसू लागला. आडवं पडलं की आत जायचा, संध्याकाळपर्यंत दुखायचा.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमा या प्रकरणातल्या आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत.)

तपासणीत काय दिसलं

सर्जनने आधी उभं करून, खोकायला लावून तपासलं. झोपवून तपासलं तर छोटा हर्निया हमखास निसटतो. इथेही तसंच झालं असतं, कारण डावीकडेही लहान हर्निया निघाला. रुग्णाला त्याचा पत्ताच नव्हता.

सोनोग्राफीत उजवीकडे जांघेच्या हाडाच्या उंचवट्याला लागून साधारण अडीच सेंटिमीटरचं भोक, तेही जुन्या जाळीच्या कडेच्या बाहेर. डावीकडे दीड सेंटिमीटरचं, शुक्ररज्जूच्या (वृषणाकडे जाणाऱ्या नळी आणि रक्तवाहिन्यांच्या जुडग्याच्या) वाटेने उतरणारं. प्रोस्टेट ३८ ग्रॅम, लघवी झाल्यावर मूत्राशयात ७० मिली शिल्लक.

उजवीकडचा हर्निया जिथे परतला ती जागा बोलकी आहे. लिक्टेनस्टाइन पद्धतीत जाळी हाडाच्या उंचवट्याच्या पलीकडे दीड ते दोन सेंटिमीटर जावी लागते. ती तिथे तोकडी पडली किंवा आकसली, की हर्निया नेमका त्याच कोपऱ्यातून परत येतो. आतल्या बाजूने परतलेल्या हर्नियाचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि गोणी उचलण्याचा त्यात फारसा दोष नसतो.

प्रश्न कुठे अडला

शस्त्रक्रिया करायची हे लवकर ठरलं. त्रास नसलेल्या किंवा अगदी किरकोळ त्रासाच्या पुरुषांमध्ये थांबून पाहणं सुरक्षित असतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा रुग्णांमध्ये आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी होतं. मात्र त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांत सुमारे ६८ टक्के लोक शेवटी टेबलावर आलेच, बहुतेक दुखण्यामुळे. आमचा रुग्ण तर आधीच दुखणाऱ्यांत होता.

अडलं ते कशाने करायची यावर. मुलाने तीन अंदाजपत्रकं आणली:

- पुण्यातलं मोठं रुग्णालय, रोबोटच्या मदतीने: ३,१०,००० रुपये
- तेच रुग्णालय, साध्या दुर्बिणीतून: १,७५,००० रुपये
- जिल्ह्याच्या गावचं ४० खाटांचं रुग्णालय, साध्या दुर्बिणीतून: १,१५,००० रुपये

पुण्यातल्या दोन आकड्यांमधला फरक १,३५,००० चा. त्यातले ९५,००० रोबोट वापरण्याचं शुल्क आणि ४०,००० त्याची अवजारं, आवरणं. घरात एका नातेवाइकाचं पित्ताशय रोबोटने काढलेलं, त्यामुळे कल रोबोटकडे होता. 'आधीची साधी केली म्हणून परत आली, आता चांगली करू' असा हिशोब. पॉलिसी पाच लाखांची, मग पैशाची फिकीर कशाला, असंही.

इथेच पहिला निर्णायक टप्पा आला, आणि तो डॉक्टरांच्या नव्हे तर पॉलिसीच्या कागदात होता.

विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली. रोबोटिक शस्त्रक्रिया त्यात आहे. कंपन्यांनी हे उपचार वगळायचे नाहीत, पण त्यांवर उपमर्यादा घालता येते. उदाहरणार्थ, 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या निम्मी आहे. या कुटुंबाच्या पॉलिसीत ती वर्षाला १,००,००० रुपये होती. शिवाय शब्दरचना अशी, की मर्यादा फक्त रोबोटच्या शुल्काला नव्हे तर त्या उपचारासाठी दाखल होण्याच्या संपूर्ण खर्चाला लागू.

म्हणजे रोबोटने केलं तर ३,१०,००० पैकी कंपनी देणार १,००,००० आणि खिशातून जाणार २,१०,०००. साध्या दुर्बिणीतून केलं तर मर्यादेचा प्रश्नच नाही. न मिळणाऱ्या किरकोळ वस्तू सोडून सगळं कंपनीचं. कोटेशनमध्ये फरक सव्वा लाखाच्या थोडा वर दिसत होता, घराला पडणारा फरक दोन लाखांच्या वर होता. रुग्णालयाच्या विमा खिडकीवर 'रोबोटिक कव्हर आहे' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

पर्याय एकेक करून

पुन्हा उघडी शस्त्रक्रिया: हा पर्याय सर्वांत स्वस्त, पण इथे सर्वांत वाईट. वरून गेलं की जुन्या जाळीच्या आणि चिकटलेल्या ऊतींच्या मधून वाट काढायची, त्यात नसा आणि शुक्ररज्जू गुंतलेले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला सरळ आहे: आधी पुढून झालं असेल तर आता मागून जा, आणि दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर दुर्बिणीतून करा. या रुग्णात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. मागची बाजू, म्हणजे पोटाच्या आतलं आवरण आणि स्नायू यांच्यामधली जागा, कोरी होती.

मागून जायच्या दोन वाटा. टेप (TEP) पद्धतीत पोटाच्या पोकळीत न शिरता त्या जागेतच फुगवून काम होतं. टॅप (TAPP) पद्धतीत पोटात शिरून आतलं आवरण कापून खाली सोडतात, जाळी ठेवतात आणि आवरण परत शिवतात. निकाल दोन्हींचे जवळजवळ सारखे. सर्जनचा हात जिथे बसलेला असेल ती निवडावी. परतलेल्या हर्नियात टॅपचा एक फायदा असतो: कामाला हात घालण्याआधीच दोन्ही बाजूंची भोकं समोर दिसतात. रोबोटने जांघेचा हर्निया करतात तोही बहुतेक टॅपच. हा मुद्दा कुटुंबाला कोणी सांगितला नव्हता. आत होणारं काम तेच, जाळी तीच, थर तेच. बदलतं ते अवजार धरण्याचं साधन.

रोबोट काय देतो हे प्रामाणिकपणे मांडायला हवं. त्रिमितीय दृश्य, मनगटासारखी वळणारी टोकं, हाताचा कंप गाळला जाणं आणि सर्जनला बसून काम करण्याची सोय. ज्याची मान-खांदे वीस वर्षांच्या दुर्बीणकामाने गेले आहेत त्याला ही सोय थोडी नाही. आवरण शिवण्याचं काम रोबोटवर खरोखर सुखाचं होतं.

आणि तो पैसे कुठे घेतो? यंत्राची किंमत आणि वार्षिक देखभाल हे दोन मोठे खर्च आहेत, शस्त्रक्रिया होवो न होवो. त्यावर प्रत्येक केसचा खर्च. जांघेच्या हर्नियाला कॅमेऱ्याशिवाय सहसा तीन अवजारं लागतात: पकडून विजेने रक्त थांबवणारं (द्विध्रुवी), कापणारी कात्री आणि सुई धरणारं. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोट यंत्राच्या अवजारात मोजणी करणारी चिप असते; नेमून दिलेले वापर संपले की अवजार धारदार असलं तरी यंत्र ते स्वीकारत नाही. दहा वापरांची मर्यादा बरीच वर्षं रूढ होती, नंतर काही अवजारांना ती वाढवून मिळाली. कात्रीच्या टोकाचं आवरण दर केसला नवं, प्रत्येक हाताचं प्लास्टिकचं आवरण नवं. यंत्र रुग्णाशी जोडायला वेळ लागतो तो वेगळा, आणि थिएटरचा वेळही बिलात येतो.

रुग्णालयाच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. यंत्र रिकामं उभं राहिलं तर दर केसचा खर्च चढतो, म्हणून जास्त संख्येने येणाऱ्या शस्त्रक्रिया त्यावर घ्याव्याशा वाटतात. जांघेचा हर्निया त्यासाठी सोयीचा: रुग्ण भरपूर, पायऱ्या ठरलेल्या. सर्जनना रोबोट शिकायलाही तो बरा पडतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या रुग्णालयांत जांघेच्या हर्नियात रोबोटचा वापर २०१२ मध्ये ०.७ टक्के होता, तो २०१८ मध्ये २८.८ टक्क्यांवर गेला. या सहा वर्षांत तो जास्त चांगला ठरल्याचा पुरावा आला म्हणून हे झालेलं नाही.

पुरावा

थेट तुलना करणारी महत्त्वाची चाचणी २०२० मध्ये आली. अमेरिकेतली सहा केंद्रं, एका बाजूच्या जांघेच्या हर्नियाचे १०२ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी: अर्ध्यांना साध्या दुर्बिणीतून टॅप, अर्ध्यांना रोबोटने टॅप. शस्त्रक्रियेचा मध्यम वेळ दुर्बिणीत ४०.५ मिनिटं, रोबोटमध्ये ७५.५. मध्यम खर्च १,४२१ डॉलर विरुद्ध ३,२५८. महिनाभरातलं दुखणं, जखमेच्या तक्रारी, परत दाखल होणं यांत फरक आढळला नाही. गंमत म्हणजे सर्जननी नोंदवलेला वैताग रोबोट गटातच जास्त होता.

पोटाच्या भिंतीच्या हर्नियावरही त्याच वर्षी १२४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही वेळ ७७ विरुद्ध १४१ मिनिटं, खर्च रोबोटचा जास्त, आणि तीन महिन्यांत रुग्णालयात गेलेल्या दिवसांत फरक नाही. आतड्याला नकळत भोक पडण्याच्या दोन घटना घडल्या, दोन्ही रोबोट गटात. एवढ्या लहान संख्येवरून रोबोट धोकादायक म्हणता येत नाही, पण तो जास्त सुरक्षित असल्याचा दावाही या आकड्यांत बसत नाही.

मग रोबोट कुठे विचारात घ्यावा? जुन्या छेदातून आलेला मोठा हर्निया, दहा सेंटिमीटरच्या आसपासचं भोक, पोटाच्या स्नायूंचे थर वेगळे करून भिंत नव्याने उभी करायची असेल तिथे. पोटाच्या 'छतावर' लांबलचक टाके घालणं साध्या दुर्बिणीच्या सरळ अवजारांनी फार कठीण जातं. अशा शस्त्रक्रिया एरवी मोठ्या छेदाने होतात, आणि उघड्या पद्धतीशी तुलना केली तर रोबोटनंतर रुग्ण लवकर घरी जातो असं निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतं. म्हणजे तुलना कशाशी करतोय यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या रुग्णात रोबोटची स्पर्धा मोठ्या छेदाशी नव्हती. अर्ध्या सेंटिमीटरच्या दोन आणि एक सेंटिमीटरच्या एका छेदाशी होती. रोबोटचे तिन्ही छेद आठ मिलिमीटरचे.

निर्णय

मुलाचा खरा प्रश्न एकच होता, आणि तो त्याने जिल्ह्याच्या सर्जनसमोर विचारला: "डॉक्टर, रोबोटने केलं तर परत होणार नाही ना?"

उत्तर असं होतं: "परत होणं न होणं जाळी किती मोठी ठेवली आणि तिच्यासाठी आत किती जागा मोकळी केली यावर आहे. ती जागा दोन्हीकडे तेवढीच करावी लागते. काका, मी रोबोट वापरत नाही, म्हणून माझं ऐकून ठरवू नका. पुण्याच्या सर्जनना विचारा, की त्यांनी स्वतः दुर्बिणीतून किती केले आणि रोबोटवर किती."

विचारलं. पुण्याच्या सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं: दुर्बिणीतून काही शे, रोबोटवर तीसेक. जिल्ह्याच्या सर्जनचे दुर्बिणीतून चारशेच्या वर. दुर्बिणीतून जांघेचा हर्निया शिकायला ५० ते १०० शस्त्रक्रिया लागतात, त्यातही पहिल्या तीस ते पन्नास सर्वांत कठीण, हे मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. त्यामुळे पुण्याला जायचं तरी साध्या दुर्बिणीसाठीच, हे स्पष्ट झालं. मग ६०,००० जास्त, येणं-जाणं आणि नंतरच्या तपासण्यांच्या खेपा कशासाठी? कुटुंबाने जिल्ह्याचं रुग्णालय निवडलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात आणीबाणीत रक्त, शस्त्रक्रियेनंतरची देखरेख आणि रात्री उपस्थित डॉक्टर आहेत का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. होतं सगळं, पण विचारायला हवं होतं.

विम्याची एक अडचण

पॉलिसी एप्रिल २०२१ ची, म्हणजे हर्नियासाठी असलेली २४ महिन्यांची प्रतीक्षा संपलेली. तरी पूर्वमंजुरी अडकली. पहिल्या केसपेपरवर मदतनीस डॉक्टरने 'सूज बऱ्याच वर्षांपासून' असं लिहिलं होतं. २०१३ चा इतिहास आणि आताची तक्रार एका ओळीत कोंबली गेली. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) लगेच विचारणा केली. सर्जनने दोन्ही गोष्टी तारखांसह वेगळ्या करून पत्र दिलं, २०१३ चं डिस्चार्ज कार्ड जोडलं. पॉलिसी घेताना जुनी शस्त्रक्रिया प्रस्ताव अर्जात नोंदवलेली होती, म्हणून प्रश्न एका दिवसात मिटला. ती लपवलेली असती तर दावाच धोक्यात आला असता.

शस्त्रक्रिया

जानेवारी २०२५. पूर्ण भूल. थिएटरमध्ये नेण्याआधी लघवी करून यायला सांगितलं, नळी घातली नाही. बेंबीशी १० मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरचे छेद, पोटात १२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, डोकं खाली.

उजवीकडे भोक अपेक्षेपेक्षा थोडं मोठं, जवळपास तीन सेंटिमीटर. जुन्या जाळीची आतली कड अडीच सेंटिमीटर मागे सरकलेली स्पष्ट दिसत होती. तिला हात लावला नाही. ती काढण्यात फायदा नाही आणि नस दुखावण्याचा धोका आहे. आवरण खाली सोडून मध्यरेषेच्या पलीकडे दोन सेंटिमीटर आणि जांघेच्या हाडाच्या खाली दोन सेंटिमीटर जागा मोकळी केली. घाईत नेमकी इथेच काटकसर होते, आणि आतल्या बाजूने हर्निया परत येतो. हाडावरून जाणाऱ्या जोडरक्तवाहिन्या आधी ओळखून घेतल्या. त्या फाटल्या तर रक्त आवरणं अवघड जातं.

डावीकडे शुक्ररज्जूला चिकटलेली चरबीची गाठ निघाली. ती ओढून आत घेतली. ती तशीच राहिली तर जाळी नीट बसूनही महिनाभराने रुग्ण 'फुगा तसाच आहे' म्हणत परत येतो.

जाळी दोन्हीकडे साधी पॉलिप्रॉपिलीनची, १५ × १५ च्या तुकड्यातून १५ × १२ ची कापून. किमान माप १५ × १० मानलं जातं. दोन्ही जाळ्या मध्यरेषेवर एकमेकींवर येतील अशा ठेवल्या.

आता दुसरा निर्णायक टप्पा. डावीकडे जाळी न अडकवता ठेवली, लहान भोकाला त्याची गरज नसते. उजवीकडे भोक मोठं, आतल्या बाजूचं आणि परतलेलं. जाळी भोकात सरकू नये म्हणून ती हाडावरच्या पक्क्या बंधाला अडकवावी असं सर्जनने ठरवलं, आणि टॅकर (जाळी अडकवायला टॅक नावाच्या बारीक पिना मारणारी बंदूक) उघडला. भोकाच्या जागी ढिल्या पडलेल्या पडद्याचा पोकळ खिसा आत ओढून एका टॅकने त्याच बंधाला लावला, म्हणजे त्यात पाणी कमी साचतं. जाळीला दोन टॅक. बाहेरच्या-खालच्या बाजूला एकही नाही, कारण तिथे नसा आणि मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. तीन टॅकसाठी संपूर्ण बंदूक उघडली. एकदा उघडली की ती त्याच रुग्णाच्या बिलात.

शेवटी पोटातला दाब ८ वर आणून आतलं आवरण ३-० जाडीच्या धाग्याच्या सलग टाक्याने बंद केलं. मध्ये फट राहिली तर आतडं जाळीला चिकटतं किंवा फटीत शिरतं, म्हणून सरतेशेवटी पुन्हा एकदा पूर्ण रेषा पाहिली. एकूण वेळ ११० मिनिटं.

नंतरचे दिवस

संध्याकाळी लघवी तुंबली. सात तास झाले तरी होईना. सोनोग्राफीत ६५० मिली. १४ नंबरची फोली नळी घातली, लघवीची वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली, लघवी झाली, त्याच दुपारी घरी. एका रात्रीचा मुक्काम दोन रात्रींवर गेला.

दुखण्यासाठी पाच दिवस पॅरासिटामॉल, तेवढं पुरलं. आठव्या दिवशी गल्ल्यावर. नवव्या दिवशी मात्र उजव्या जांघेत लिंबाएवढा घट्ट फुगा. घरच्यांची गाळण उडाली: परत झाला! गावातल्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढू म्हटलं. सुदैवाने मुलाने आधी सर्जनला फोन केला.

तो सेरोमा होता, म्हणजे हर्निया निघून गेल्यावर रिकाम्या खिशात साचलेलं पाणी. हर्निया आडवं पडल्यावर आत जातो आणि खोकल्यावर धक्का देतो. सेरोमा यातलं काहीच करत नाही. शंका असेल तर सोनोग्राफी. दुखत-तापत नसेल तर सुई लावायची नाही, कारण सुईबरोबर जंतू जाळीपर्यंत पोहोचू शकतात. सात आठवड्यांत तो जिरला. पाच आठवड्यांनी जड उचलायला परवानगी दिली होती. दुकानातल्या मुलाकडून ऐकलं तर चौथ्याच आठवड्यात गोण्या सरकू लागल्या होत्या.

वर्षानंतर तपासलं तेव्हा दोन्ही बाजू घट्ट. उजवीकडे थंडीत किंचित ओढल्यासारखं वाटतं, औषध लागत नाही. हर्निया परतला नाही हे म्हणायला एक वर्ष अपुरं आहे; पहिला अकरा वर्षांनी परतला होता.

अंतिम बिल

- सर्जन: ४५,०००
- भूलतज्ज्ञ: १३,५००
- थिएटर: २२,०००
- दोन जाळ्या: ११,०००
- टॅकर: १९,५००
- इतर साहित्य व औषधं: १४,४००
- खोली, दोन रात्री: ७,०००
- तपासण्या: ६,०००
- एकूण: १,३८,४०० रुपये

अंदाज १,१५,००० चा होता. वरच्या २३,४०० मध्ये टॅकर १९,५००, जास्तीची रात्र ३,५०० आणि नळी-पिशवी ४००. मंजुरी वाढवून घ्यावी लागली, त्यात डिस्चार्ज चार तास रखडला. कंपनीने १,३१,५०० दिले, कुटुंबाने ६,९००.

वेगळं काय करता आलं असतं

टॅकर. जाळी अडकवण्याचा निर्णय बरोबर होता, साधन महागडं होतं. त्याच बंधाला २-० जाडीच्या धाग्याचा एखाद-दुसरा टाका घातला असता तर काही शे रुपयांत काम झालं असतं. सरळ अवजाराने तो टाका घालायला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात आणि हात बसलेला असावा लागतो. रोबोटचा खरा फायदा याच क्षणी दिसतो, तिथे हा टाका सहज पडतो. पण एका टाक्याच्या सोयीसाठी सव्वा लाखाचं यंत्र आणि टाका टाळायला वीस हजारांची बंदूक, या दोन्हींपेक्षा सर्जनने तो टाका सरावात ठेवणं स्वस्त. निदान अंदाजपत्रकात 'गरज पडल्यास टॅकर' ही ओळ आधीच हवी होती. मग मंजुरी वाढवण्यात चार तास गेले नसते.

लघवी तुंबणं टाळता आलं असतं का? कदाचित. वय, रात्रीचं उठणं, ७० मिली शिल्लक, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया, पूर्ण भूल: सगळ्या खुणा कागदावर होत्या आणि कोणी त्या एकत्र वाचल्या नाहीत. टेबलावर जवळपास दोन लिटर सलाईन गेलं. एवढ्या शस्त्रक्रियेला त्याच्या निम्म्याने भागतं. आधीपासून टॅम्सुलोसिन देण्याचा फायदा सगळ्या अभ्यासांत सारखा दिसत नाही, पण आठवडाभर आधी मूत्ररोगतज्ज्ञाला एकदा दाखवणं आणि भूलतज्ज्ञाला सलाईन आवरायला सांगणं यात काही जाणार नव्हतं.

सेरोमाबद्दल डिस्चार्ज कार्डावर एक ओळही नव्हती. 'पहिल्या दोन आठवड्यांत घट्ट सूज येऊ शकते, सुई लावू देऊ नका, आम्हाला फोन करा' एवढं मराठीत छापलं असतं तर गावातल्या डॉक्टरांनाही ते वाचता आलं असतं. आता त्या रुग्णालयात ते छापलेलं कार्ड देतात.

तंबाखूचा विषय एका वाक्यात उरकला गेला. चार आठवडे आधी सोडायला सांगायला वेळ होता, दिवाळी ते जानेवारी.

रोबोटची उपमर्यादा मुलाला सापडली ती पॉलिसीच्या सतराव्या पानावर, निव्वळ चिकाटीने. पूर्वमंजुरी मागण्याआधीच कंपनीला ईमेल करून दोन प्रश्न लेखी विचारता येतात: या शस्त्रक्रियेला रोबोट वापरला तर मर्यादा किती, आणि ती फक्त रोबोटच्या शुल्कावर आहे की संपूर्ण दाव्यावर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पॉलिसीनुसार बदलतं. एखाद्या पॉलिसीत मर्यादा विमा रकमेइतकीच असते. तिथे रोबोट निवडला तरी घराला फारसा भार पडत नाही, आणि मग निवड सर्जनच्या हातावर सोडायला हरकत नाही.